मास्तरांसाठी हरभरे

ईस्टरनंतरच्या मंगळवारी आम्ही इटलीतल्या आर्बरेश, म्हणजे मूळच्या अल्बेनियन, बायका रुमालांनी साखळी करून डोंगरावरच्या आमच्या गावभर नाचतो आणि दिसेल त्या परक्याला फेरात कोंडतो. त्याने वाइन पाजली की सुटका.

यंदा आमचे जुने बर्तोलिनी मास्तर गाव बघायला आले. शाळेत इटालियन सोडून आमची भाषा बोललं की हरभऱ्यांवर गुडघे टेकायला लावणारे हेच. साखळीचं टोक माझ्या हातात होतं, घेरलंच त्यांना.

"पाजतो, सगळ्यांना पाजतो!" मास्तर हसले. "काय गोड भाषा तुमची! जपा हं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते येणार हे कळल्यापासून खिशात ठेवलेले हरभरे मी त्यांच्या पायाशी ओतले.

"वाइन नको. गुडघे टेका आणि हेच आमच्या भाषेत म्हणा."

"बाई, मला ती कुठे येते?"

"पहिलीत आम्हाला तरी तुमची कुठे येत होती, मास्तर? टेका."