चावी भरून पाठवलेला फोनो

मी एक जुना फोनो आहे. कर्ण्याचा, चावीचा, तबकड्या वाजवणारा. मित्रांनो, जुनी छत्री, फाटकं पुस्तक, मोडकी खुर्ची यांची मनोगतं तुम्ही शाळेत लिहिली असतील. ती बिचारी शेवटी हात जोडतात. मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते. मला राग आला आहे. ज्याच्यावर आला आहे तो माझ्यासमोर बसून चहा पितो, आणि मी चेपलेल्या तोंडाने मेजावर पडून आहे.

सुरुवातीपासून सांगतो. एका कारखान्यात सुताराने माझी लाकडी पेटी जोडली, दुसऱ्या कोणी पितळेचा पत्रा ठोकून ठोकून कर्णा केला, तिसऱ्याने पोटात स्प्रिंग बसवली. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली लांब पोलादी पट्टी. बाहेरून चावी फिरवली की ती आवळली जाते आणि सुटताना तबकडीखालची लोखंडी थाळी फिरवते. माझा सगळा जीव त्या पट्टीत. वीज लागत नाही, म्हणून मला खरेदी केलं ते एका केस कापायच्या दुकानाच्या मालकांनी. तिथे वीज सारखी जायची आणि रांगेतली गिऱ्हाइकं कंटाळून उठून जायची. मी वाजू लागलो आणि गिऱ्हाइकं बसू लागली. कित्येक जण दाढी झाल्यावरही खुर्ची सोडेनात. मालक म्हणायचे, आता तुमच्या कानांचे पण पैसे घेईन.

ते दिवस चांगले होते, पण मालकांनी मला देवासारखं ठेवलं असं मी म्हणणार नाही. केस कापायच्या मशीनला घालायचं तेल माझ्याही पोटात ओतायचे. कापलेले केस उडून आत जायचे. एक गोष्ट मात्र ते चुकवत नसत. दुकान बंद करताना माझी उरलेली चावी उतरू देत. म्हणजे स्प्रिंग पुरती सैल होईपर्यंत मला रिकामाच फिरू देत. ताणून ठेवलेली वस्तू कधी ना कधी सूड घेते, असं ते थोरल्या मुलाला शिकवायचे.

थोरल्यालाच. धाकटी मुलगी तिथेच फडक्यांच्या घड्या घालत बसलेली असायची, पण तिला मला हात लावायची बंदी होती. तिने लहानपणी केस उपटायच्या चिमट्याने दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. तेव्हापासून तिचं नाव चिमटी पडलं. घड्याळ तिने परत लावलं, ते चाललंही. ते कोणाला आठवत नाही. उघडलं एवढंच आठवतं.

पुढे रेडिओ आला, मग टीव्ही, आणि मला माळ्यावर टाकलं. दुकान बंद झालं तेव्हा मालक थोरल्याकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले. जाताना घरच्यांना म्हणाले, फोनो राहू द्या इथे, आणि चिमटीच्या हाती पडू देऊ नका. मधल्या काळात जे जे आले त्यांनी माझं फार कौतुक केलं. केवढा अनमोल ठेवा म्हणाले, शेजारी उभे राहून फोटो काढले, फुंकर घालून धूळ उडवली, ती त्यांच्याच डोळ्यांत गेली ते बरं झालं. मित्रांनो, कौतुकाने कोणाच्या पोटातलं वाळलेलं ग्रीस बदलत नाही.

ते बदललं चिमटीने. तोवर ती घड्याळं दुरुस्त करणारी म्हणून गावभर ओळखली जाऊ लागली होती. वडिलांचा शब्द मोडून तिने मला माळ्यावरून उतरवलं आणि आपल्या खोलीत आणून उघडलं. आतून केस आणि तेल मिळून झालेला लोकरीच्या नमद्यासारखा काळा गोळा निघाला. तो बघून ती एकटीच खूप हसली. हातमोजे घालून, तोंड बाजूला धरून तिने स्प्रिंग बाहेर काढली, कारण ती सुटून उसळली तर गाल फाडते. रॉकेलने धुतली, नवं ग्रीस भरलं. सुई जिच्यात बसते त्या गोल डबीला साउंडबॉक्स म्हणतात. तिच्यातलं रबर दगडासारखं झालं होतं, ते काढून तिने मऊ कडं बसवलं. आवाज उमटवणारी अभ्रकाची पातळ चकती मात्र जुनीच ठेवली. कर्ण्याचे पोचे आतून लाकडी ठोकळ्याने दाबून काढले. चावीजवळ मालकांच्या बोटांनी घासून लाकूड पांढरं पडलं होतं. तिथे तिने पॉलिश लावलं नाही.

मी पुन्हा वाजलो तेव्हा तिने कोणालाही बोलावलं नाही. तिला हे फक्त एका माणसाला ऐकवायचं होतं. बाप एकदा तरी म्हणेल, हिच्या हाताला गुण आहे. बस, एवढ्यासाठी सगळं.

थोरला कामानिमित्त त्या गावी आला होता. मला वडिलांकडे पाठवायचं ठरलं. चिमटीने त्याला सगळं समजावलं. आधी चावी पूर्ण उतरवायची. मग थाळी काढायची, साउंडबॉक्स काढायचा, कर्णा काढायचा, प्रत्येकाची वेगळी गुंडाळी करायची. पेटी मोठ्या लाकडी खोक्यात ठेवायची आणि दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी मऊ भरण घालायचं. थोरला म्हणाला की एवढं करायला तो काय राजा आहे का, वर नाजूक म्हणून लिहू की.

त्यावर चिमटी म्हणाली, "दादा, पेटी पडणारच असं धरून बांधायची. नाही पडली तर पार्सलवाल्यांचे उपकार."

सुताराने लाकडी खोका वेळेवर दिला नव्हता, म्हणून ती तो आणायला गेली. तेवढ्यात पार्सलवाला आला. त्याला उद्या या म्हणायला काय जात होतं? पण थोरल्याला वाटलं, आपणच उरकून टाकू, बहीण खूश होईल. त्याआधी त्याने मेजावर मोबाइल उभा केला, माझी चावी पार गच्च भरली आणि मला वाजवून स्वतःचा व्हिडिओ काढला. बायकोला पाठवला आणि बाबांना आत्ता दाखवू नकोस, पार्सल आल्यावर मजा येईल, असंही कळवलं. पार्सलवाल्याने दारातून हाक मारली तसा थोरल्याने गाणं अर्ध्यावर असताना खटका ओढून मला थांबवलं.

चावी उतरवली नाही. थाळी काढली नाही. साउंडबॉक्स होता तिथेच राहिला. पलंगाखालचा टीव्हीचा रिकामा पुठ्ठा ओढला, त्यात मला बसवलं, वर्तमानपत्रं कोंबली, कर्णा बाजूला खुपसला, वरून एक उशी. मग पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी लाल चिठ्ठ्या. नाजूक. सांभाळून. काच आहे. अरे, काच कुठे होती? पण माणूस काम टाळतो तेव्हा अक्षर मोठं काढतो.

चिमटी डोक्यावर खोका घेऊन परत आली तेव्हा मी रस्त्याला लागलो होतो. तिने एकच विचारलं, चावी उतरवलीस ना? तो म्हणाला, "हो गं, उतरवली. लहान आहे का मी?"

पार्सलच्या गोदामात मला फेकणाऱ्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे डोंगराएवढे पुठ्ठे, पाठीत कळ, वरून मुकादमाची कटकट. चिठ्ठी वाचायची कधी? पहिल्या आपटण्यात माझा खटका निसटला आणि मी अंधारात, उलटा, फिरू लागलो. थाळीने वर्तमानपत्रं ओढून स्वतःभोवती गुंडाळली आणि ती अडकली. पुढच्या आपटण्यात आवळलेली स्प्रिंग एकदम तुटली आणि चक्राचे दात घेऊन गेली. साउंडबॉक्स थाळीवर आदळला, अभ्रकाची चकती तडकली. कर्ण्यावर कोणाचं तरी जड पार्सल बसलं. जिथे पोचे काढले होते तिथेच परत पडले.

मी पोचलो तोवर थोरलाही घरी परतला होता. मालकांनी स्वतः पुठ्ठा उघडला. चावीची जागा त्यांच्या बोटांना बरोबर सापडली. चावी फिरली ती नुसतीच, आत काही धरेना. मालकांचा चेहरा आंबट झाला.

"चिमटीने उघडला होता ना? मग हे होणारच. ती उघडते, लावत नाही."

आणि थोरला, मित्रांनो, थोरला खाली वाकून कागदाचे कपटे गोळा करत होता. एक शब्द नाही. मालकांनी चिमटीला फोन लावून वाटेल ते सुनावलं. फोनवर तिचा आवाज अगदी बारीक आला. माझंच चुकलं असेल बाबा, म्हणाली, स्प्रिंग नीट बसली नसेल, आता जुन्या यंत्रांना हात लावणार नाही. थोरला ऐकत होता. त्याचे कपटे अजून संपत नव्हते.

माझा जन्मच मुळी दुसऱ्यांचं बोलणं, दुसऱ्यांचं गाणं जगाला ऐकवण्यात गेला. आणि त्या दिवशी मला स्वतःचं एक वाक्य बोलता आलं नाही. याने चावी भरली. तीन शब्द. एवढा मोठा कर्णा घेऊन काय चाटायचाय?

दुसऱ्या दिवशी जेवताना मालक पुन्हा तेच घेऊन बसले. थाळीभोवती गुंडाळलेला कागद त्यांनी बघितला होता, म्हणजे ती वाटेत फिरली हे त्यांना कळलं होतं. चावी भरलेलीच ठेवून पाठवलं तिने, म्हणाले, तिला तरी कुठून कळणार, ते मी ह्यालाच शिकवलं होतं. वाढता वाढता सूनबाईंचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ताटात बघत होता.

"बाबा," त्या म्हणाल्या, "चावी यांनीच भरली होती. माझ्याकडे व्हिडिओ आहे."

त्यांनी मोबाइल मालकांच्या हातात दिला. मला त्या चपट्या डबीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तिच्यातून थोरला दिसला, चावी फिरवणारा, दात काढणारा. आणि मग मी वाजू लागलो. माझा भरदार आवाज त्या बारक्या भोकातून डासासारखा येत होता. तरी घरघर नाही, खरखर नाही, ताल कुठे ढळत नाही. मालक जेवायचे थांबले. खटका ओढल्याचा आवाज आला, गाणं तुटलं, आणि थोरल्याचा आवाज आला, चला, कोंबा आता. मालकांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

मग मुलाला म्हणाले, आवाज न चढवता, "उघडा वस्तरा पिशवीत टाकून, पिशवी दुसऱ्याच्या खांद्याला अडकवलीस. आणि रक्त आल्यावर बघत बसलास."

थोरला पुटपुटला की त्याला वाटलं होतं, सांगू नंतर.

"नंतर कधी? मी मेल्यावर?"

हात धुऊन मालकांनी चिमटीला फोन लावला. मला वाटलं आता माफी मागतील. कसली माफी, त्या पिढीच्या तोंडातून तो शब्द निघत नाही. घसा खाकरून म्हणाले, "तू वाजवला होतास तो ऐकला मी. आता स्प्रिंग गेली आहे, चकती तडकली आहे. तू ये. तू उघड, मी बत्ती धरतो."

 पलीकडून तिचा तो नेहमीचा कोरडा आवाज आला. "येते. पण तोवर कोणी हात लावायचा नाही. दादाने नाही, आणि बाबा, तुम्ही तर नाहीच."

"नाही लावत," मालक म्हणाले.

खरंच लावत नाहीत. कोणी जवळ आलं तर काठी आपटतात. थोरल्याने काल नवा, चकचकीत कर्णा मागवू का विचारलं, त्याला खोलीतून हाकललं. चिमटी अजून यायची आहे. नवी स्प्रिंग मिळेल, पोचे निघतील, अभ्रकाचं मला सांगता येत नाही. माझा राग मात्र निघालेला नाही, आणि इतक्यात निघू नये असंच मला वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा हे तुम्हाला बाई सांगतातच, मी वेगळं सांगत नाही. वस्तू हातून पडते, मोडते, तुमच्याही हातून मोडेल. तेव्हा कोणी विचारलं, हे कोणी केलं, आणि तुमच्याऐवजी दुसऱ्याचं नाव पुढे येऊ लागलं, तर खाली वाकून कपटे गोळा करू नका. बोला. माझ्यापेक्षा तुमचं तोंड लहान आहे, पण त्याला चावी लागत नाही.