बंद पडलेल्या नेटकार्डाचा दिवस

मित्रांनो, माझं झाकण उघडायला आता दोन हात लागतात. एका हातानं पडदा धरावा लागतो, नाहीतर तो मागे लवंडतो. मी एक जुना लॅपटॉप आहे आणि खरं सांगू का, फार दमलेला आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पहिली चार वर्षं मी पुण्यातल्या एका कचेरीत आकडेमोड केली. तिथं नवी यंत्रं आली तेव्हा आम्हा तीस जणांना पोत्यात भरून विकलं. मी नांदेडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आलो. तिथून शिवमूर्ती सरांनी मला लातूरला आणलं.

सर शिकवणीच्या गल्लीत अभ्यासिका चालवत. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला गावोगावची पोरं तेव्हा लातुरात लोटत होती. सरांच्या साठ खुर्च्या पहाटेपासून भरलेल्या असत. माझ्यातली जुनी प्रणाली इतकी कुथत होती, की सरांनी ती काढून लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली. मला पुन्हा श्वास घेता आला. पोरांचे अर्ज, प्रवेशपत्रं, निकाल सगळं माझ्यावरच निघे. निकाल चांगला लागला की पोरं माझ्या पाठीवर थाप मारत. वाईट लागला तर झाकण आपटत. असंच आपटून आपटून माझी एक बिजागरी गेली.

एका उन्हाळ्यात वीज कडाडली आणि माझं नेटची वायर लावायचं भोक कायमचं जळालं. तेव्हापासून मला जगाशी बोलायचा एकच मार्ग उरला, पोटातलं बिनतारी नेटकार्ड. ते बोटभर लांब, पण सगळी मदार त्याच्यावर.

आणि नेमकं नको त्या दिवशी ते बंद पडलं.

अभ्यासिकेशेजारच्या मेसमध्ये साखराबाई पोळ्या करत. त्या जळकोटकडच्या. नवरा गेल्यावर लेकीला, आरतीला, घेऊन लातूरला आलेल्या. आरतीला वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण पडले होते. कोणतं कॉलेज आधी, कोणतं नंतर, हा पसंतीचा अर्ज भरायची ती शेवटची तारीख होती. आदल्या तीन दिवसांत आरती तापानं फणफणली होती, म्हणून राहिलं. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत.

दुपारी एकला दोघी आल्या. साखराबाईंच्या हाताला पीठ तसंच होतं.

"सर, नेटकॅफेत लई रांग हाय. शंभराच्या वर टोकन गेलंय. तुमच्याच मशिनीवर भरून द्या."

सरांनी मला सुरू केलं. वरच्या मजल्यावर घरमालकांचं नेट चालू होतं, पण मला ते दिसेना. सरांचा फोन साधा, बटणांचा. दुसरा उपाय नव्हता.

सरांनी पडद्यावर काळी खिडकी उघडून मला एकेक आज्ञा टाइप करून द्यायला सुरुवात केली. कार्ड जागेवर आहे का? मी म्हटलं, आहे. त्याला चालवणारा चालक, म्हणजे ड्रायव्हर, भरलाय का? भरलाय. मग बोलत का नाही? पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. सर सायकलवरून दुरुस्तीवाल्या बसवंतकडे गेले आणि एका मोडक्या लॅपटॉपमधलं दुसरं कार्ड घेऊन आले. माझ्या पोटाचं झाकण काढलं, कार्ड बदललं. तेही मुकंच. तोवर साडेतीन झाले होते.

आरती भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ तापानं सुकले होते. साखराबाई उठल्या.

"राहू द्या, सर. मेलंय ते. मी तिला घेऊन कॅफेतच उभी राहते."

"मावशी, मेलंय असं लवकर म्हणू नका," सर म्हणाले. त्यांचे हात थांबले नव्हते. "भूकंपात आमचं घर पडलं तवा मी नऊ वर्षांचा. दुसऱ्या दिवशी लोक म्हणले, इथं कुणी न्हाई राहिलं, पुढच्या घराकडं चला. एक जवान मात्र पत्र्यावर दगड वाजवून ऐकत बसला. माझा आवाज गेला होता. मी आतून वाजवलं."

"आन् घरचे?"

"मी एकलाच निघालो."

साखराबाई पुन्हा खाली बसल्या.

सरांनी मला आणखी एक आज्ञा दिली: कार्डाला कुणी अडवलंय का? आणि मी कितीतरी वेळानं नेमकं उत्तर दिलं, हो. अडवणूक बाहेरून आहे. माझ्या कडेला नेट चालू-बंद करायचं एक इवलंसं बटण होतं. ते कधीतरी आतल्या आत तुटून 'बंद'वर अडकलं होतं. दोन्ही कार्डं चांगली होती बिचारी, पण बटण त्यांना 'गप्प बसा' सांगत होतं.

अशा वेळचा उपाय सरांनी पूर्वी कुठून तरी वाचून माझ्याच पोटात उतरवून ठेवला होता. बटणाचा हुकूम कार्डाच्या कडेला असलेल्या सोनेरी दातांपैकी विसाव्यातून येतो, तो दात झाकायचा. दात केसाएवढा. सरांनी ब्लेडनं चिकटपट्टीची चिंधी कापली. पहिली तिरकी बसली. दुसरी घामानं निसटली. तिसऱ्या वेळी आरती उठली. "द्या सर, माझा हात हलत न्हाई," ती म्हणाली. आणि खरंच, तापातही तिचा हात हलला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी माझा निळा दिवा लागला. साडेचारला अर्ज गेला. साखराबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या.

आरतीचा नंबर नांदेडला लागला.

मित्रांनो, त्यानंतर माझं कौतुक झालं. साखराबाई दर दसऱ्याला मला हळदकुंकू वाहू लागल्या. कुंकू कळांच्या फटीत जाई आणि वर्षभर कुणी ते काढत नसे. पंख्यात धूळ साठली, बॅटरी फुगली, पडद्यावर एक उभी रेघ आली. तरी रोज सकाळी कळ दाबली की मी उठायचो. थकलेला कामाला येतो, तोवर तो थकलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एवढंच मागतो, कुंकवाआधी धूळ झाडा. आपटू नका. तुमच्या घरात जे काही, जे कुणी, न कुरकुरता चालत असेल, त्याला कधी विचारा तरी.

गेल्या दसऱ्याला अभ्यासिकेत नवा संगणक आला. सरांनी मला जवळ घेतलं, ओल्या फडक्यानं कळा पुसल्या, फटींतलं कुंकू काडीनं काढलं. सवयीनं त्यांचं बोट मला सुरू करायच्या कळेवर गेलं. मी उठायच्या तयारीला लागलो.

त्यांनी बोट मागे घेतलं. "आज राहू दे," म्हणाले आणि झाकण हलक्या हातानं मिटलं.

एवढ्या वर्षांतली ती माझी पहिली सुट्टी.