मी बायजाबाईच्या बाजूचा

मी एक जुना डिस्क रायटर आहे, मित्रांनो. कोऱ्या तबकडीवर प्रकाशाच्या बारीक किरणाने चित्रे आणि आवाज कोरून ठेवायचे, हे माझे काम. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा कुणाबद्दल कडू बोलत नाहीत. मी बोलणार आहे.

भंडारा शहरात धर्मेंद्र नावाच्या माणसाचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ होता. रश्मी तिथे एडिटिंग करायची. लग्नांची शूटिंग साठवून ठेवायला यंत्र हवे, म्हणून दोघे नागपूरला आले. दुकानदाराने मला काचेवर ठेवले आणि माझ्या शेजारी एक चपटा, देखणा रायटर ठेवला.

“हाच घेऊ. बॅगेत राहते,” धर्मेंद्र म्हणाला.

रश्मीने दुकानदाराला विचारले, “याच्यात शंभर जीबीची डिस्क चालते का?”

“नाही मॅडम. पन्नासपर्यंतच. आणि वीज लॅपटॉपचीच घेते.”

“मंग लिहिता लिहिता वीज कमी पडली तर डिस्क वाया जाईन. तो जाडा दाखवा.”

जाडा म्हणजे मी. माझी वीज वेगळी, पोटात मोठी तबकडी मावणारी. तिने दुकानातच एक तबकडी लिहायला लावली, मग ती पुन्हा वाचून मूळ चित्राशी ताडून पाहिली. एकही चूक निघाली नाही. “हाच पायजे,” ती म्हणाली. मला कुणी निवडले, हे मी तेव्हाच मनात धरून ठेवले.

रश्मी मूळची सिहोऱ्याची. तिथल्या बायजाबाई आणि शकुनबाई धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करताना जी गाणी म्हणत, ती कुठेच साठवलेली नव्हती. रश्मीने धर्मेंद्रला राजी केले. त्याने कॅमेरा धरला. गुडघाभर चिखलात उभ्या राहून बाया गायल्या. बायजाबाईचा आवाज जरा फाटका होता, पण असा चढायचा की मला सुई असती तर ती थरथरली असती. ती सगळी गाणी मी कोरली. रश्मी तबकड्या कडेने धरायची, उन्हात कधी ठेवायची नाही, मला रोज कोरड्या फडक्याने पुसायची.

त्या गाण्यांची फिल्म नागपूरच्या एका कार्यक्रमात दाखवली गेली आणि धर्मेंद्रला शाल मिळाली. फिल्मच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘संकल्पना आणि गीतसंकलन : धर्मेंद्र’. बायांपैकी एकीचेही नाव नव्हते.

मग एक दिवस बायजाबाई आपल्या मुलीला घेऊन बसने भंडाऱ्याला आली. मी टेबलावरच होतो.

“बाबू, माह्या गान्यात माहं नाव काहून नाही?” तिने विचारले.

“गानं कोनाच्या मालकीचं नसते, आजी. गिऱ्हाईक बसले आहेत, जा तुमी.”

“एकडाव आयकव तरी. मी आयकलंच नाही.”

त्याने तिच्या दंडाला धरून तिला दाराबाहेर नेले आणि काचेचे दार लावून घेतले. मुलगी पाहत होती. तो हिवाळा बायजाबाईने पाहिला, पुढचा उन्हाळा नाही. आपलाच आवाज तिने कधी ऐकला नाही.

रश्मीने नोकरी सोडली. निघताना ती म्हणाली, “रायटर आन् तबकड्या मले देता का?”

“ने. हार्डडिस्कच्या जमान्यात हे डबडं कोन वापरते? जागा अडवून राहिलं,” तो म्हणाला आणि पायाने तबकड्यांचा खोका तिच्याकडे सरकवला. मित्रांनो, डबडे म्हटलेले मी सोसले असते. पण त्याचा पाय बायजाबाईच्या आवाजाला लागला होता.

रश्मी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. तिच्या कपाटात बसून मी धर्मेंद्रचे वाईट चिंतत राहिलो. काही वर्षांनी वैनगंगेला पूर आला. स्टुडिओत छातीएवढे पाणी शिरले आणि त्याच्या साऱ्या हार्डडिस्क गाळात गेल्या. पुराने कितीतरी घरे बुडवली, त्याचे मला दुःख झाले. त्या एका दुकानाचे झाले नाही.

लोक आपल्या लग्नाच्या शूटिंगसाठी त्याच्या दारात येऊ लागले, तेव्हा तो रश्मीकडे आला; मी कोरलेल्या लग्नांच्या तबकड्या तिच्याकडेच होत्या. तिने त्याला पाणी दिले.

“लोकायचे लग्न मी अडवत नाही. सारे नेजा,” ती म्हणाली. “पन पयले सिहोऱ्याले चाला.”

सिहोऱ्यात शकुनबाईच्या अंगणात तिने मला लॅपटॉपला जोडून मांडले. बाया जमल्या, बायजाबाईची मुलगीही आली. गाणी लागली. धर्मेंद्र मान खाली घालून बसला होता. फिल्म संपल्यावर रश्मीने ती लॅपटॉपवर उतरवून घेतली, सुरुवातीचे त्याचे नाव काढून टाकले आणि शकुनबाईला विचारले, “मावशी, आता सुरुवातीले काय लिवू?”

शकुनबाईने एकेका बाईचे नाव सांगितले. मेलेल्यांची आधी. मग म्हणाली, “यानं कॅमेरा धरला, तेबी लिव. आन् आपलं नाव इचारायले आलेल्या बायजाले यानं दंडाले धरून भायेर काढलं, तेबी लिव.”

धर्मेंद्रने हात जोडले. “तेवढं नका लिवू, मावशी. माह्या पोरी पायतीन.”

“बायजाच्या पोरीनंबी पायलं,” शकुनबाई म्हणाली.

रश्मीने बायजाबाईच्या मुलीकडे पाहिले. मुलीने मानेनेच हो म्हटले. रश्मीने कोरी तबकडी माझ्या पोटात घातली आणि बटण दाबले.

मित्रांनो, माझ्या पोटातल्या तबकडीवर एकदा कोरलेले कुणालाही पुसता येत नाही. मी प्रत्येक अक्षर नेटाने कोरले. मग पहिल्यापासून पुन्हा वाचून ताडून पाहिले. सारे बरोबर होते. इतके सुख मला कधीच झाले नव्हते.

तेव्हा यंत्र घेताना पारखून घ्या, त्याच्यावर धूळ बसू देऊ नका, तबकड्या कडेने धरा. आणि ज्याचा आवाज साठवाल, त्याचे नाव आधी लिहा. तुम्ही नाही लिहिले, तर मागाहून दुसरे कुणी लिहील. मग ते तुमच्याबद्दलही लिहील, आणि कोरायला मी असेन.