अस्तर

माझी भाची चिमटी म्हणजे डोक्याला ताप. वय वर्षं पाच आणि रोज सकाळी नवा अवतार. काल बाईसाहेब किटली होत्या, परवा जिना. ताई तिला माझ्या शिवणाच्या दुकानात सोडून कामाला जाते. मी कापड बेतायला घेतलं, की ही हजर. "मावशी, मी आज काय आहे, ओळख!"

"कटकट आहेस," मी म्हणायची.

त्या दिवशी तिने आपणहूनच सांगून टाकलं, "मी आज अस्तर आहे." मी म्हटलं, "बरं बाई, हो," आणि कात्री चालवत राहिले.

मान वर केली तेव्हा चिमटी कुठेच दिसेना आणि रस्त्याकडचं दार सताड उघडं.

"चिमटी! ए चिमटी!" हाका मारमारून घसा सुकला. शेजारचा चावीवाला रस्त्याच्या एका टोकाला धावला, मी दुसऱ्या. गाड्या नुसत्या सुसाट. परत येऊन कपाटं, ट्रायल रूम, टेबलाखालचे गठ्ठे, सगळं पालथं घातलं. ताईला फोन केला, ती कामावरून तशीच निघाली. "पोलिसांकडे जाऊ या," चावीवाला म्हणाला. मी चपला शोधायला लागले. त्या पायातच होत्या.

तिथेच मी थबकले. अस्तर! मी अस्तर असते तर? आत लपून राहिले असते. आणि कुणी कितीही बोंबललं तरी ओ दिली नसती. अस्तर कधी बोलतं का?

मी दुकानाच्या मधोमध उभी राहून मोठ्याने म्हटलं, "अगं बाई, अस्तर नाही तर हा कोट कित्ती टोचतोय गं!" चावीवाला माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

काचेतल्या पुतळ्यावर लांब लोकरी कोट होता. त्याच्या पोटातून आवाज आला, "मी आहे ना! आता नाही टोचणार."

मी भराभर बटणं काढली. घामाने चिंब झालेली चिमटी बाहेर आली आणि वर माझ्यावरच डाफरली, "केव्हाची चिमटी, चिमटी करतेयस! ती नव्हतीच इथे."

"चुकलं गं राणी माझं," म्हणत मी तिला घट्ट आवळलं. हुश्श! जिवात जीव आला.

ताई धापा टाकत आली. लेकीचे मुके घेऊन झाल्यावर तिने विचारलं, "कशी गं सापडली?"

"खेळून," मी म्हटलं आणि तिथेच फतकल मारून रडायला लागले.