शाल, श्रीफळ आणि बूड टेकण्यापुरती जागा

चाळीस

(हा आकडा हंबीररावांच्या छातीतल्या धडधडीचा. शून्य म्हणजे निवांत. शंभर म्हणजे काय, ते पुढे तेच सांगतील.)

"आडवं या म्याडम, आडवं! सरळ आला तर सरपंच चषक पडंल!"

पवित्रा आडवी होऊन घरात शिरली. आधी खांदा, मग पिशवी, मग उरलेली पवित्रा. ती गडहिंग्लजची, मानसशास्त्रात संशोधन करणारी. विषय : माणसांना वस्तू टाकवत का नाहीत. इतरांच्या घरी तिने रद्दी पाहिली होती, दह्याचे डबे पाहिले होते. इथे मान साठला होता.

कारण हंबीरराव निवेदक. शुक्रवार पेठेत कुस्तीचं मैदान असो, बारसं असो, पिठाच्या गिरणीचं उद्घाटन असो, माईक यांच्या हातात. कार्यक्रम संपला की यांचाही सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. त्यातलं काही म्हणजे काहीच कधी घराबाहेर गेलं नव्हतं. शाली छताला टेकलेल्या. सोफ्यावर चषक बसलेले, पाहुण्यांसारखे. आणि नारळ! कपाटात, खाटेखाली, देवाच्या मागे, सुकून आतल्या आत खुळखुळणारे. बाहेरून ट्रक गेला की अख्खं घर खुळखुळायचं.

"काकू कुठायत?"

"गगनबावड्याला, लेकीकडं, वर्षाराणीकडं. जाताना म्हणाली, सोफ्यावर बूड टेकायपुरती जागा झाली की फोन करा. न्हाईतर मी तिकडंच. तिथल्या पावसात मला बुरशी आली तरी चालंल म्हणाली."

"एवढ्या का रागावल्या?"

"पुरात नारळ माडीवर नेले. हिचं शिलाई मशीन खाली ऱ्हायलं."

"काका!"

"नारळ हाताशी होते की!" मग आवाज एकदम उतरला. "म्याडम, घर लई शांत झालंय हो. माझ्या आवाजाला थांब म्हणणारं कोण न्हाई."

पवित्राने पद्धत सांगितली. एक वस्तू टाकायची. जीव घाबरा होईल, होऊ द्यायचा. परत आणायला जायचं नाही. घाबरणं आपोआप उतरतं.

"मी मधूनमधून आकडा विचारीन. शून्य ते शंभर."

"शंभर म्हंजे केवढं?"

"तुम्हीच ठरवा."

"शंभर म्हंजे पुराची पंचगंगा उंबऱ्यात."

पंच्याण्णव

घंटागाडी दारात. हंबीररावांच्या हातात एक नारळ. चालक सम्राट हॉर्नवर बोट ठेवून.

"टाका की काका! पुढच्या गल्लीतल्या बायका मला शिव्या घालतील!"

"हा गिरणीच्या उद्घाटनाचा हाय."

"गिरणी आहे अजून?" पवित्राने विचारलं.

"तिथं आता मोबाईलचं दुकान हाय."

करंगळी सुटली. मधली दोन बोटं सुटली. अंगठा काही सुटेना. सम्राटने गाडी जराशी पुढे घेतली आणि

धप्प.

गाडी निघाली. हंबीरराव निघाले. पवित्रा निघाली. धोतराचा सोगा, ओढणी, एक कुत्रं.

"काका, परत आणायचं नाही!"

"आणत न्हाई! नुसतं बघून येतो!"

कोपऱ्यावर दम संपला. दोघं भिंतीला टेकली.

"किती?"

"नव्वद."

रिक्षा गेली. कुत्रं कंटाळून परतलं.

"किती?"

"साठ. अवं थांबा, पन्नास! म्याडम, उतरतंय की हो!"

तीस

आता सगळं सरळ व्हायचं. पण या गल्लीला आनंद झाला की तिला एकच गोष्ट सुचते.

हंबीररावांनी नारळ टाकला! तरुण मंडळाचा अध्यक्ष विजयसिंह ही बातमी घेऊन दारोदार फिरला आणि रविवारी हंबीररावांच्याच दारात मांडव उभा राहिला. त्यागाबद्दल जाहीर सत्कार.

"दादा, त्यांना वस्तू देऊ नका," पवित्रा कळवळून म्हणाली. "तोच तर आजार आहे!"

"वस्तू कुठाय म्याडम? मान हाय. तुमचाबी हाय, वर या!"

टाळ्या. शाल. श्रीफळ. आणि पितळेचं स्मृतिचिन्ह, सगळ्यात मोठं, त्यावर पितळेचाच नारळ.

एक गेला, दोन आले.

शंभर

हंबीररावांचा फोन वाजला. समोरच माईक. सगळ्या पेठेने ऐकलं.

"मी एष्टीत बसले," पलीकडून काकू, म्हणजे चिमणाबाई म्हणाल्या. "वर्षाराणीनं नारळाची बातमी दाखवली. डोळं भरलं बघा. पण आल्यावर सोफा दिसला न्हाई, तर त्याच गाडीनं माघारी."

फोन बंद. हंबीरराव घरात धावले. एक चषक उचलला, दारापर्यंत आणला, परत ठेवला. दुसरा उचलला, पुसून ठेवला.

"हात सोडंना, म्याडम! पंचगंगा! उंबऱ्यात!"

"हळूहळूच होतं काका. एकेक वस्तू."

"एष्टी हळूहळू येती व्हय?"

तेवढ्यात बाहेर माईक उगाच कुईं करून ओरडला. सवय म्हणजे सवय. चषक काखेत धरून हंबीररावांनी जाऊन माईक हातात घेतला. घसा खाकरला.

"यानंतर... अं... ऊन असो, पाऊस असो, आपल्या दारातली घाण हसत नेणारे आमचे सम्राट, यांचा सत्कार! शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन!"

आणि काखेतला चषक दिलासुद्धा.

पवित्राने पाहिलं. उजव्या हातात माईक होता आणि डावा हात सुटला होता. सहज, दार उघडावं तसा.

"काका, यावर नाव तुमचं हाय," सम्राट म्हणाला.

"नाव माझं, मान तुझा. हो पुढं!"

आकडा विचारायला सवड नाही

यानंतर दूधवाले यानंतर कटिंगवाले यानंतर मागच्या गल्लीच्या संयोगिताताई ज्यांचा नळ कधी आटत नाही यानंतर विजयसिंह "अवं मी आत्ताच तुमचा केला!" "मग मी तुझा करतो!" यानंतर बिनकामाचे उभे असलेले यानंतर कर्नाटकातून देवीला आलेलं वाट चुकलेलं कुटुंब "या पावणं, या, लाजू नका!" आणि घरातून ओळ लावून शाली बाहेर येतायत, चषक बाहेर येतायत, नारळ घरंगळत खुळखुळत स्वतःच बाहेर येतायत, पवित्रा ओंजळीने झेलतेय, ओरडतेय, "हे माझ्या पद्धतीत नाही! पण थांबू नका!"

दहा?

चिमणाबाई रिक्षातून उतरल्या. भर उन्हात अख्खी गल्ली शाली पांघरून घाम पुसत होती.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

कोणाला हसू आवरेना. त्या आत गेल्या. सरळ गेल्या, आडव्या नाही. सोफा होता. हिरवा होता, त्या रंग विसरल्या होत्या. त्यांनी बूड टेकलं. मग जरा सरकून बसल्या. मग पाय वर घेऊन, मांडी घालून.

हंबीरराव समोर उभे राहिले. माईक नव्हता. हातात आजचीच शाल, आजचाच नारळ, एवढंच उरलेलं.

"यानंतर," ते म्हणाले आणि शाल पुढे धरली. "मशीन... मशीन आधी न्यायला पायजे होतं, चिमणाबाई."

"व्हय. पायजे होतं."

त्यांनी शाल घालून घेतली. नारळ कानाशी नेऊन हलवला. पाण्याचा आवाज आला. उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याच्या कडेवर ठाण्णकन हाणला.

हंबीरराव जागच्या जागी उडाले. या घरात आलेला सत्काराचा नारळ पहिल्यांदाच फुटला होता.

चिमणाबाईंनी एक तुकडा पवित्राला दिला, एक नवऱ्याच्या तोंडात कोंबला.

"काका," पवित्राने विचारलं, "किती?"

"थांबा की," हंबीरराव चावत म्हणाले, "तोंडात हाय."