थोरल्या साडूंचा हात

दोघे साडू मिळून पडलेली झाडं कापून द्यायचं काम करत. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे कामावरची कुरबुर घरात न्यायची नाही हे न बोलता ठरलेलं. करवतीचं मशीन चालवायचं थोरल्यांनी, तिची धार आणि साफसफाई बघायची धाकट्यांनी. इतकी वर्षं झाली तरी एकमेकांशी बोलणं ‘अहो-जाहो’नंच.

वादळात शाळेच्या आवारातलं झाड आडवं झालं. मुख्याध्यापिकाबाईंना ते जळणात घालवायचं जिवावर आलं. त्यांनी खोडाचे गोल ओंडके कापून मागितले, मुलांना बसायला. थोरले खुशीत कामाला लागले. पण पहिला ओंडका उभा केला, तर त्याचा माथा एका अंगाला उतरता. दुसरा त्याहून तिरका. बाई कौतुकानं बसायला गेल्या आणि घसरत जाऊन थेट भुशाच्या ढिगावर टेकल्या. कपडे झटकत उठल्या त्या हसतच, पण थोरल्यांचा चेहरा पार उतरला.

अलीकडे चहाचा कप उचलताना आपला हात किंचित हलतो, असं त्यांना वाटायचं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आता ती अशी चारचौघांत लाकडावर उमटली होती.

बाई वर्गाकडे गेल्या तसं त्यांनी मशीन खाली ठेवलं. “खरं सांगा, माझा हात गेला का?”

धाकटे उगाच चष्मा पुसत बसले. म्हणजे यांच्याही मनात तेच आहे, हे थोरल्यांनी ओळखलं. ते म्हणाले, आता मशीन तुम्हीच धरा, मी लाकडं उचलतो.

धाकट्यांनी नाइलाजानं काप घातला. खोडात शिरताना सरळ, आणि निम्म्यावर जाताच उजवीकडे वळलेला. त्यांनी दातओठ खाऊन मशीन डावीकडे रेटलं, तरी ते आपलं उजवीकडेच.

थोरले गुडघ्यांवर हात टेकून तो वाकडा काप बघत राहिले. मग त्यांना असं काही हसू फुटलं की धाकटे आधी चिडले आणि मग स्वतःच हसायला लागले.

मशीन बंद करून, गार होऊ देऊन दोघांनी करवतीची दातेरी साखळी उतरवली. साखळी जिच्या कडेनं फिरते ती पोलादी पट्टी शिक्षकांच्या खोलीत नेऊन टेबलाच्या सपाट काचेवर, कडेवर उभी केली. सरळ उभी राहायची सोडून ती एका बाजूला झुकली. साखळी पट्टीच्या ज्या खाचेतून धावते, तिच्या दोन कडांपैकी एक जास्त झिजली होती. खाचेत तेलानं थिजलेला भुसा गच्च बसलेला, साखळीला तेल पोचवणारं भोकही बुजलेलं. साखळीचे दाते बघितले, तर एका बाजूचे आखूड आणि दुसऱ्या बाजूचे लांब.

“धार लावताना मी एकाच अंगानं बसतो,” धाकटे हळूच म्हणाले. “तिकडून कानस छान चालते. पलीकडच्या दात्यांना नुसती लावल्यासारखी करतो. पट्टी तर कधी उलटवलीच नाही. साडूभाऊ, हात माझा वाकडा आहे.”

थोरल्यांनी चपटी कानस पुढे केली. पट्टीच्या दोन्ही कडा एका पातळीत आल्या, खाच खरवडून निघाली, भोक तारेनं मोकळं झालं. खाली घासणारी कड आता वर येईल अशी पट्टी उलटी बसवून साखळी चढवली. लांब दाते आखूड दात्यांच्या मापाला आणले. त्यासाठी धाकट्यांनी मशीन फिरवून घेतलं आणि स्वतःही दुसऱ्या अंगाला जाऊन बसले. यापुढे धार लावली की पट्टी उलटवायचीच, असं त्यांनी आपणहून कबूल केलं.

मग मशीन थोरल्यांनी घेतलं. जोर लावावाच लागला नाही. खोडातून जाड भुसा भराभरा उडू लागला आणि ओंडका अलगद सुटला. माथ्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवली, ती जागची हलली नाही. बाई पुन्हा बसून बघायला तयार झाल्या, मात्र या खेपेला दोन्ही हात टेकून.

संध्याकाळपर्यंत आवारात ओंडक्यांचं कोंडाळं तयार झालं. उरलेल्या लांब खोडाचं बाक होईल का, असं बाईंनी विचारलं. त्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच काप हवा होता. धाकटे थोरल्यांकडे बघू लागले.

“उद्या सकाळी येतो,” थोरले म्हणाले. “तो काप मी घालणार.”