परक्या पाठीवरचा टाका

"भीती ही अडाण्यांची चैन आहे. माणूस एकदा परदेशात आला की त्याने जगाच्या डोळ्याला डोळा भिडवला पाहिजे," असं मास्तरांनी विमानतळावर जाहीर केलं आणि पुढच्याच सरकत्या जिन्यापाशी बायकोचा पदर घट्ट धरला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपीकामातले. दुकान पुतण्याच्या हवाली करून ते लेक-जावयाबरोबर सुट्टीवर आले होते. जावई स्वभावाने सावध. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "बाबा, इथे कुणाकडे टक लावून बघायचं नाही. कुणाला हात तर मुळीच लावायचा नाही. लोक थेट पोलीस बोलावतात." तेव्हापासून मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत.

त्या दुपारी लेक-जावई एका मोठ्या दुकानात शिरले आणि म्हातारा-म्हातारी समोरच्या बाकावर बसली. समोरून कपडे चालले होते. माणसंही होती, पण ती मास्तरांना दिसत नसत.

"ही बघा विजार, गुडघ्यावर फाटलेली," बायको म्हणाली. "हे फाडायची शिलाई घेतात का हो?"

"हळू बोल. आणि बोट दाखवू नकोस."

"त्यांना काय कळतंय? तो बघा, विजार घोट्याच्या वर. पूर येऊन गेलेला दिसतोय."

"अगं, हळू." मास्तर चोरट्या नजरेने इकडेतिकडे बघत होते. एवढ्यात त्यांच्यासमोरून एक उंच गृहस्थ गेला. काळाभोर लोकरी कोट, खांदा असा बसलेला की मास्तरांनी मनातल्या मनात हात जोडले. आणि मग पाठ दिसली.

कोटाच्या मागे, खालच्या उभ्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याची फुली होती. नवा कोट विकला जाईपर्यंत चीर फाकू नये म्हणून शिंपी तिथे कच्चा टाका मारून ठेवतो. अंगात घालण्याआधी तो काढायचा असतो. या गृहस्थाने काढलाच नव्हता. एवढा देखणा कोट आणि मागे फुली, जशी काही रद्द केलेली पाठ.

मास्तरांनी मान फिरवली. मग परत फिरवली. शेवटी बंडीच्या खिशातली धागा कापायची बोटभर कात्री त्यांच्या हातात कधी आली आणि ते बाकावरून कधी उठले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या पाठीवर टाका राहिला की ते पायरी उतरून मागे धावत. पायांना देश कळत नाही.

गृहस्थाने मागे पाहिलं आणि चाल वाढवली. घाईत असेल बिचारा, म्हणून मास्तरांनीही वाढवली. तो गल्लीत वळला, हे वळले. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, हेही गेले. एका दुकानाच्या काचेत मास्तरांना एक म्हातारा दिसला. माकडटोपी, वटारलेले डोळे, हातात उघडी कात्री, आणि पुढे जीव घेऊन पळणारा माणूस. कोण हा मारेकरी, म्हणून ते दचकले, आणि मग त्यांनी आपली माकडटोपी ओळखली.

परत फिरावं तर त्याच क्षणी गृहस्थ थांबला, वळला आणि त्याने पाकीट पुढे केलं. गिऱ्हाइकाने दिलेली वस्तू नाकारायची नाही, ही उभ्या जन्माची सवय. मास्तरांनी पाकीट घेतलं.

आता एका हातात कात्री, एका हातात पाकीट, आणि कोपऱ्यावरून एक पोलीसबाई लांब ढांगा टाकत येत होती.

मास्तरांच्या पाचावर धारण बसली. पासपोर्ट जावयाकडे, बायको बाकावर एकटी, तिला परत जायची वाटही ठाऊक नाही, आणि आपण मरेपर्यंत इथल्या तुरुंगात गणवेश शिवणार. समजावून सांगावं म्हणून त्यांनी गृहस्थाकडे बोट केलं आणि हवेत मोठी फुली मारली. ती पाहून गृहस्थ एका खांद्याने भिंतीला चिकटला. पोलीसबाईचा हात कमरेकडे गेला. मास्तरांनी डोळे मिटले.

"अहो, बाकावर मला टाकून कुठे चाललात?" मागून धापा टाकत आवाज आला. बायको बाकापासून त्यांच्या माकडटोपीवर नजर ठेवून मागोमाग आली होती. तिने कात्री पाहिली, पाकीट पाहिलं, आणि भिंतीला चिकटलेल्या त्या कोटाच्या पाठीवरची अर्धी दिसणारी फुली पाहिली. शिंप्याची बायको ती. "अगंबाई, टाका राहिलाय होय याचा."

पुढचं सगळं तिने दुकानातल्यासारखं केलं. नवऱ्याच्या हातातली कात्री काढून घेतली, गृहस्थाला खांद्याला धरून, आंघोळीला नेलेल्या पोरासारखं उलटं फिरवलं, कचकन दोरा तोडला आणि तो ओढून पोलीसबाईच्या तळहातावर ठेवला. मास्तरांनी पाकीट दोन्ही हातांनी परत केलं.

पोलीसबाई दोऱ्याकडे बघत राहिली. गृहस्थ पाठीमागे हात घालून चीर चाचपत होता. चार पावलं चालला, कोट मोकळा फाकला. त्याने हळूच मान लववली आणि तरीही जरा लांबूनच निघून गेला. पोलीसबाईने मास्तरांना बरंच काही सुनावलं. मास्तरांनी एक अक्षर न कळता सगळं कबूल केलं.

ती गेल्यावर ते एका पायरीवर बसले.

"मला वाटलं, आता तुझी-माझी भेट नाही."

बायको शेजारी टेकली, कात्री त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मान खाली वाकवली.

"हात थरथरायचे थांबले की ही स्वेटरच्या मानेमागची कंपनीची चिठ्ठी तेवढी कापून द्या. सकाळपासून टोचतेय."